पाणी आलंय, पाणी आलं होतं आणि इंग्रजीतलं हॅव-हॅड

एका मुलाने विचारलंय, "मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, शिक्षण मराठी माध्यमात झालंय. हॅव, हॅज, हॅडची सूत्रं पाठ आहेत, क्रियापदांचे थर्ड फॉर्म पण पाठ आहेत. पण पेपरात वाक्य समोर आलं की प्रेझेंट परफेक्ट, पास्ट परफेक्ट आणि साधा पास्ट यात गोंधळ होतोच, आणि हॅज बीन दिसलं की काहीच सुचत नाही. ओळखायची एखादी ट्रिक आहे का?"

मी सोलापुरात बावीस वर्षं इंग्रजी शिकवते. माझ्याकडे मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोटकडची मुलं येतात, अशोक चौकाकडची येतात ज्यांच्या घरी तेलुगू आणि बाहेर मराठी, काहींच्या घरी कन्नड. आणि हा प्रश्न दर बॅचला येतो, अगदी याच शब्दांत, त्यामुळे जरा बैजवार लिहिते.

पहिलं म्हणजे तुमची अडचण सूत्रांची नाहीच. हॅव किंवा हॅज अधिक थर्ड फॉर्म हे सूत्र वाक्य कसं बनवायचं ते सांगतं, कधी बनवायचं ते सांगत नाही. आणि दुसरं, जे कुणी सहसा सांगत नाही, की आपल्या डोक्यात शाळेपासून एक जोडी बसलेली असते, आहे म्हणजे हॅव आणि होता म्हणजे हॅड. ही जोडी अर्ध्या वेळा बरोबर येते म्हणून आपला तिच्यावर विश्वास बसतो, आणि उरलेल्या अर्ध्या वेळा तीच मार्क घालवते. मराठीतला 'होता' आणि इंग्रजीतला हॅड ही दोन वेगळी माणसं आहेत, फक्त कपडे सारखे घालतात.

वर्गात मी हे नळाच्या पाण्यावरून शिकवते. आमच्या गल्लीत पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. पाणी सुटलं की समोरच्या काकू गॅलरीतून ओरडतात, "पाणी आलंय!" आणि लगेच घराघरातून बादल्या सरकवल्याचा आवाज, पाइप ओढायची धांदल, कुणीतरी जेवता जेवता उष्ट्या हाताने उठतं. आता बघा, पाणी आलं ते मागेच, दोन मिनिटं झाली असतील, म्हणजे घटना तर भूतकाळातलीच. पण काकू काही आठवण सांगत नाहीयेत, त्या सांगताहेत की आत्ता नळाला पाणी आहे, भरून घ्या. घडून गेलेली गोष्ट पण जोर सगळा आत्तावर, हेच प्रेझेंट परफेक्ट. द वॉटर हॅज कम. नावात प्रेझेंट आहे ते उगीच नाही.

संध्याकाळी त्याच काकू शेजारणीला सांगतात, "सकाळी पाणी आलं होतं." आता नळ कोरडा आहे, आलेलं पाणी गेलं, विषय संपला. मराठीत अशी संपलेली, आत्ताशी संबंध तुटलेली गोष्ट सांगताना आपण अगदी सहज 'होतं' लावतो. इंग्रजीत याला हॅड लागत नाही! साधं द वॉटर केम इन द मॉर्निंग. इथेच दहातली आठ मुलं द वॉटर हॅड कम इन द मॉर्निंग लिहितात आणि त्यांना ते बरोबरच वाटतं, कारण मराठीत 'होतं' आहे ना.

मग हॅड कधी? तिसऱ्या दिवशी काकू म्हणतात, "मी उठले तोपर्यंत पाणी येऊन गेलं होतं." इथे भूतकाळातल्या दोन गोष्टी आहेत, काकूंचं उठणं आणि त्याच्याही आधी पाण्याचं येऊन जाणं. बाय द टाइम आय वोक अप, द वॉटर हॅड कम अँड गॉन. हॅडला नेहमी दुसरी एक भूतकाळातली गोष्ट लागते जिच्या आधी हे घडलं. ती वाक्यात असेल किंवा मागच्या वाक्यात असेल, पण असायला पाहिजे. एकटा हॅड ऐकला की ऐकणारा वाट बघतो, की बरं, मग पुढे काय झालं.

हे मी नुसतं पुस्तकातलं सांगत नाहीये. माझी एक विद्यार्थिनी एका बँकेच्या मुलाखतीला गेली, तिने सांगितलं, आय हॅड कम्प्लीटेड माय ग्रॅज्युएशन इन २०१९. समोरचे थांबले, तिला वाटलं आपलं काहीतरी चुकलं, तिने तेच वाक्य परत म्हटलं, आणि मग सगळंच अडखळलं. मराठीत तिच्या मनात वाक्य होतं 'मी २०१९ ला ग्रॅज्युएशन पूर्ण केलं होतं', जे मराठीत निर्दोष आहे. इंग्रजीत साधं आय कम्प्लीटेड हवं होतं, एवढाच फरक, आणि पोरीचा अभ्यास खरंच चांगला होता म्हणून मला ते आजही लागतं.

घरात रोज बोलली जाणारी अशी वाक्यं तपासून बघा. 'तू फोन केला होतास का?' इंग्रजीत डिड यू कॉल मी. 'मी तुला सांगितलं होतं ना!' इंग्रजीत आय टोल्ड यू. 'मागच्या आठवड्यात आम्ही तुळजापूरला गेलो होतो', इंग्रजीत वी वेंट टू तुळजापूर लास्ट वीक. तिन्ही ठिकाणी मराठीत होतं, होतो, होतास आहे, इंग्रजीत एकदाही हॅड नाही. ही तीन वाक्यं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता उलटा सापळा. मराठीत आपण 'मी आत्ताच जेवले' म्हणतो, साधा भूतकाळ, 'आहे' नाही काही नाही. परीक्षेच्या इंग्रजीत ते आय हॅव जस्ट ईटन होतं. म्हणजे मराठीत होता असून हॅड नाही, आणि आहे नसून हॅव आहे. म्हणून भाषांतर करून काळ ठरवायचा प्रयत्नच सोडा. स्वतःला एकच प्रश्न विचारा, मी ही गोष्ट कुठे उभं राहून बघतोय? आत्ता, आजच्या जागेवर उभं राहून मागे बघतोय तर हॅव. मागच्या एखाद्या दिवसात जाऊन तिथलीच गोष्ट सांगतोय तर साधा पास्ट. आणि मागे जाऊन उभा आहे आणि तिथून आणखी मागे बघतोय तर हॅड.

आजच्या जागेवरून बघताना एक अट असते, कधी घडलं ते सांगायचं नाही. काल, दोन तासांपूर्वी, २०१९ मध्ये, मी लहान असताना, असा 'कधी'चं उत्तर देणारा शब्द आला की हॅव बाद. आय हॅव सीन हिम यस्टरडे चूक, आय सॉ हिम यस्टरडे बरोबर. म्हणूनच व्हेनने सुरू होणाऱ्या प्रश्नात सुद्धा व्हेन डिड यू कम असतं, व्हेन हॅव यू कम नसतं. अगो आलं की साधा पास्ट, पण वाक्याच्या शेवटी नुसतं बिफोर आलं, आय हॅव सीन हिम बिफोर, तर ते चालतं, कारण बिफोर म्हणजे नुसतं 'याआधी', कधी ते सांगितलेलंच नाही. हॅडला मात्र तारीख चालते, त्याला ही बंदी नाही. आय हॅड मेट हिम इन २०१५, सो आय रेकग्नाइज्ड हिम ॲट द वेडिंग. बऱ्याच गाइडमध्ये ही बंदी सरसकट 'परफेक्ट'ला लावलेली असते, मुलं तेच पाठ करतात आणि बरोबर वाक्याला चूक म्हणून येतात.

आपल्या गावातलं एक उदाहरण देते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, जन्म १९१०, १९३८ ला पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. आता त्यांच्याबद्दल डॉ. कोटणीस हॅज ट्रीटेड मेनी सोल्जर्स असं लिहिता येत नाही. तारीख दिलेली नाही तरी येत नाही, कारण ज्या माणसाबद्दल बोलतोय त्याचं आयुष्य संपलंय, ते आता आणखी कुणावर उपचार करू शकत नाहीत, तो हिशोब बंद झाला. म्हणून साधा पास्ट, ही ट्रीटेड मेनी सोल्जर्स. पण एखादे डॉक्टर आज दवाखान्यात बसताहेत तर ही हॅज ट्रीटेड थाउजंड्स ऑफ पेशंट्स, कारण उद्या अजून येतील, हिशोब चालू आहे. आणि १९४२ च्या त्या दिवशी जाऊन उभं राहिलं तर, व्हेन ही डाइड, ही हॅड बीन इन चायना फॉर फोर इयर्स. एकाच माणसाची गोष्ट, तुम्ही कुठे उभे आहात त्याप्रमाणे क्रियापद बदललं. आणि सोलापूरकरांबद्दल बोलायचं तर, पीपल हिअर हॅव रिमेंबर्ड हिम फॉर मोअर दॅन एटी इयर्स, कारण आठवण अजून चालू आहे.

हिशोब चालू का बंद, हे आणखी बारीक पण होतं. सकाळी दहाला मी म्हणेन आय हॅव हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग, सकाळ अजून आहे, तिसरा होऊ शकतो. संध्याकाळी तेच आय हॅड टू कप्स धिस मॉर्निंग. किंवा गड्ड्याचं, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेचं घ्या. जानेवारीत संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वर यात्रा चालू असताना विचारलं तर हॅव यू बीन टू द गड्डा धिस इयर. मे महिन्यात विचारलं तर डिड यू गो टू द गड्डा धिस इयर, वर्ष तेच चालू आहे पण यात्रा उठून गेली, आता जाणं शक्य नाही. धिस इयर दिसलं की डोळे मिटून हॅव असं करू नका म्हणून हे सांगितलं. आणि वरच्या वाक्यातलं हॅव हॅड बघून दचकू नका, पहिला मदतनीस आहे आणि दुसरा 'घेणे' या क्रियापदाचा थर्ड फॉर्म. हॅड हॅड पण याच हिशोबाने बरोबर असतं.

संभाषणात आणि बातमीत एक ठरलेली चाल असते, ती ओळखली की उतारे सोपे जातात. दार हॅवने उघडतं, आत गेल्यावर साधा पास्ट. हॅव यू एव्हर बीन टू पंढरपूर? येस, आय वेंट देअर लास्ट आषाढी, वी वॉक्ड फॉर टू डेज. बातमीत पण पहिलं वाक्य उजनी डॅम हॅज फिल्ड अप, आणि दुसऱ्यापासून द वॉटर रीच्ड द मार्क लास्ट नाइट. मुलं एकदा हॅव सुरू केलं की पूर्ण उताराभर हॅव लावत जातात, तसं नको.

आता हॅज बीन. यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त बीनच्या पुढचा शब्द बघा. पुढे आयएनजी असेल तर काम चालत आलेलं आहे, ही हॅज बीन वेटिंग. पुढे थर्ड फॉर्म असेल तर काम कुणाकडून तरी केलं गेलंय, द रोड हॅज बीन रिपेअर्ड, रस्ता स्वतः काही करत नाही. पुढे टू आणि गाव असेल तर जाऊन आलाय. आणि नुसतं विशेषण असेल तर त्या अवस्थेत आहे, शी हॅज बीन इल सिन्स मंडे.

यातलं गावाचं मराठीत फार सुंदर बसतं. 'तो पंढरपूरला गेलाय' म्हणजे घरी नाही, ही हॅज गॉन टू पंढरपूर. 'तो पंढरपूरला जाऊन आलाय' म्हणजे प्रसाद घेऊन घरी बसलाय, ही हॅज बीन टू पंढरपूर. जाऊन आलाय एवढे दोन शब्द लक्षात ठेवले तर गॉन आणि बीन कधीच चुकणार नाही. इथे मात्र मराठी आपल्या बाजूने आहे.

आयएनजीवाल्याचं पण तसंच. आपल्याकडे 'सकाळपासून वाट बघायलोय' म्हणतात ना, ते 'बघायलोय' म्हणजे अगदी आय हॅव बीन वेटिंग सिन्स मॉर्निंग. काम मागे सुरू झालं आणि आत्तापर्यंत ओढत आणलंय. आय ॲम वेटिंग सिन्स मॉर्निंग हे आपण रोज ऐकतो, सगळ्यांना कळतं पण, परीक्षेत मात्र चूक. हॅज ईटन आणि हॅज बीन ईटिंग मधला फरक विचारतात तेव्हा मी शेंगा चटणीची बरणी आठवायला सांगते. तुम्ही हॉस्टेलवर आलात, घरून आणलेली बरणी उघडली आणि ती अर्धी झालेली दिसली, तर समवन हॅज बीन ईटिंग माय चटणी, कुणीतरी हात मारतंय, चालूच आहे. बरणीत तळाला नुसतं तेलकट तिखट चिकटलंय आणि चटणी संपलीय, तर समवन हॅज ईटन माय चटणी. काम चाललंय त्यावर लक्ष आहे का काम उरकलंय त्यावर, एवढंच बघायचं. फक्त नो (know, म्हणजे ओळखणे), बिलीव्ह, ओन अशी क्रियापदं, ज्यात काही करणं नसतं, ती आयएनजी घेत नाहीत. आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स, हॅव बीन नोइंग नाही.

सिन्स आणि फॉर वर थोडं जास्त लिहिते कारण इथे आपण मराठीवालेच जास्त सापडतो. आपला 'पासून' दोन्ही कामं करतो. '२०१५ पासून' पण म्हणतो आणि 'दहा वर्षांपासून' पण. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण असेल तर सिन्स, किती काळ ते मोजलेलं असेल तर फॉर. सिन्स टेन इयर्स हे 'दहा वर्षांपासून'चं भाषांतर आहे, इंग्रजी नाही. वंदे भारत घ्या. सोलापूर-मुंबई वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली. सुरू होणं त्या दिवशी झालं आणि संपलं, म्हणून इट स्टार्टेड ऑन १० फेब्रुवारी २०२३, हॅज स्टार्टेड नाही. धावणं अजून चालू आहे, म्हणून इट हॅज बीन रनिंग सिन्स फेब्रुवारी २०२३. एकाच गाडीची दोन वाक्यं शेजारी लिहून बघा, ऑनवाल्यात साधा पास्ट, सिन्सवाल्यात हॅज.

'पर्यंत'चं पण असंच आहे. 'सोमवारपर्यंत पुस्तक परत दे' म्हणजे बाय मंडे, 'सोमवारपर्यंत इथेच थांब' म्हणजे टिल मंडे. फ्युचर परफेक्टला हा बाय लागतो. बाय मार्च आय विल हॅव फिनिश्ड द सिलॅबस, मार्चपर्यंत माझा सिलॅबस झालेला असेल. मराठीतलं 'झालेला असेल' थेट जुळतं, त्यात फार अडकू नका.

काही गोष्टी परिस्थितीवर असतात हे पण सांगते. जस्ट, ऑलरेडी, येट बरोबर अमेरिकन लोक सर्रास साधा पास्ट वापरतात, डिड यू ईट येट, आय जस्ट एट. ब्रिटिश वळणात हॅव यू ईटन येट. सिनेमे आणि व्हिडिओ बघून शिकलेल्या मुलांना हा घोळ होतो. आपल्याकडच्या स्पर्धा परीक्षांना ब्रिटिश वळण धरून चाला, बोलताना दोन्ही चालेल. दुसरं, वाक्यात आफ्टर किंवा बिफोर असेल तर आधी काय नंतर काय हे त्या शब्दानेच कळतं, त्यामुळे हॅड नसलं तरी इंग्रज माणसाला खटकत नाही. आफ्टर आय फिनिश्ड द वर्क, आय वेंट होम हे अगदी बरोबर आहे. पण गाळलेल्या जागा भरा मध्ये आफ्टर दिसलं आणि पर्यायात हॅड फिनिश्ड असेल तर तेच निवडा, पेपर काढणाऱ्याला तेच हवं असतं.

व्हेन असेल तेव्हा मात्र हॅडने अर्थच बदलतो. व्हेन आय रीच्ड द स्टेशन, हुतात्मा एक्सप्रेस हॅड लेफ्ट, म्हणजे मी पोचले तेव्हा प्लॅटफॉर्म मोकळा, गाडी आधीच गेलेली. व्हेन आय रीच्ड द स्टेशन, हुतात्मा एक्सप्रेस लेफ्ट, म्हणजे मी जिना उतरले आणि डोळ्यांदेखत गाडी हलली. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, अर्थ वेगळे, त्यामुळे अशा ठिकाणी उतारा नीट वाचल्याशिवाय उत्तर देऊ नका.

पेपरात आणखी दोन ठिकाणी हॅड येतो. नो सूनरच्या मागे, नो सूनर हॅड आय सॅट डाउन दॅन द फोन रँग, इथे दॅन लागतं, आणि हार्डली, स्केअर्सली असेल तर व्हेन. ही जोडी पाठच करायची. आणि दुसरा इफच्या मागे, इफ आय हॅड स्टडीड, आय वुड हॅव पास्ड. हा हॅड म्हणजे आपलं 'असता', अभ्यास केला असता तर पास झालो असतो, न घडलेली गोष्ट.

सरावाचं म्हणाल तर पुस्तकातली पन्नास वाक्यं सोडवण्यापेक्षा माझा अनुभव असा आहे की पंधरा दिवस रोज रात्री आपल्याच दिवसाची सहा वाक्यं लिहावीत. दोन हॅवची, दोन साध्या पास्टची, दोन हॅडची, आणि प्रत्येक वाक्यापुढे मराठीत कारण, 'आत्ताशी संबंध आहे', 'वेळ सांगितली', 'त्याच्याही आधी घडलं' असं. कारण लिहिता आलं नाही तर ते वाक्य खोडून दुसरं लिहायचं. पेपर सोडवताना आधी वेळ दाखवणारा शब्द शोधा, मग वाक्यात दुसरं क्रियापद कोणत्या काळात आहे ते बघा, बीन असेल तर त्याच्या पुढचा शब्द बघा, आणि तोपर्यंत पर्यायांकडे बघूच नका, पर्याय बघितले की कानाला गोड वाटेल ते निवडलं जातं.

तुम्ही मागच्या दोन-तीन पेपरात चुकलेली वाक्यं नेमकी लिहून पाठवा, तुमचं उत्तर काय होतं आणि ते का निवडलं ते पण लिहा. 'का निवडलं' ते महत्त्वाचं आहे, त्यावरून मला कळेल की गाडी 'होता' वर अडकतेय का 'पासून' वर, आणि मग त्याच ठिकाणावर काम करू.